बुलडोझर आधी माणूस होता

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आजच्या भाषणासाठी मी एकच शब्द निवडला आहे. शब्द इंग्रजी आहे, पण तो समजायला इंग्रजी यावं लागत नाही. शाळेची पायरी न चढलेल्या आजीबाईंना तो ठाऊक असतो आणि दुसरीतल्या पोरालाही. तो शब्द म्हणजे बुलडोझर.

शब्द ऐकताच तुमच्या डोळ्यांपुढे काय आलं? एक धूड, पुढे लोखंडी पातं, मागे धुरळा. म्हणजे यंत्र आलं. इंग्रजी कोश उघडला, की मात्र या शब्दाशेजारी 'बुलडोझ' असं क्रियापद दिसतं आणि त्याचा एक अर्थ दिलेला असतो : दमदाटी करून, धाक घालून एखाद्याकडून हवं ते करवून घेणं. आपण सहज धरून चालतो की यंत्र आधी आलं असेल आणि हा अर्थ त्यावरून निघाला असेल. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. दमदाटी आधीची, यंत्र नंतरचं, आणि दोहोंमध्ये जवळजवळ अर्ध्या शतकाचं अंतर आहे. बुलडोझर हा शब्द पहिल्यांदा छापला गेला, तेव्हा तो माणसाला उद्देशून होता. हातात चाबूक असलेल्या माणसाला.

त्या माणसाची गोष्ट अमेरिकेतली आहे. साल १८७६, राज्य लुईझियाना. मिसिसिपी नदीच्या मुखाकडचा कापसाचा आणि उसाचा मुलूख. यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं होतं, गुलामगिरी घटनेनं रद्द झाली होती. १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीनं वर्णावरून कुणाचा मताधिकार नाकारता येणार नाही, असं ठरवलं. काल ज्याची बाजारात बोली लागत होती, तो आज मतपेटीपाशी रांगेत उभा राहू लागला. जुन्या मळेवाल्यांना हे सोसवणारं नव्हतं. तेव्हा लिंकनचा रिपब्लिकन पक्ष हा मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांचा पक्ष होता आणि दक्षिणेतले गोरे जमीनदार डेमोक्रॅटिक पक्षाच्या बाजूला होते. आजच्या पक्षांशी त्यांची सांगड घालू नका. दीडशे वर्षांत नद्यांनीही पात्रं बदलली आहेत.

१८७६ ची निवडणूक जवळ आली, तशा लुईझियानाच्या खेड्यांत रात्री घोडेस्वारांच्या टोळ्या फिरू लागल्या. झोपडीचं दार ठोठवायचं, कर्त्या पुरुषाला बाहेर ओढायचं आणि विचारायचं, "मत कुणाला देणार?" उत्तर मनासारखं आलं नाही, की चाबूक. या फटक्यांना तिथल्या बोलीत नाव पडलं 'बुल-डोस'. बुल म्हणजे वळू आणि डोस म्हणजे औषधाची मात्रा. वळूला पुरी पडेल इतकी मात्रा माणसाला द्यायची, अशी ही चेष्टा. आपण मराठीत 'उपदेशाचे डोस पाजणं' म्हणतो, तोच हा डोस. फक्त तिथे तो पाठीवर पाजला जात होता. पुढे 'स'चा 'झ' झाला आणि हा डोस देणारा तो बुलडोझर. सर्वसाधारणपणे मान्य असलेली व्युत्पत्ती ती हीच.

त्या डोसाचा गुण किती आला पाहा. लुईझियानात जिल्ह्याला पॅरिश म्हणतात. ईस्ट फेलिसियाना नावाच्या पॅरिशमध्ये कृष्णवर्णीय मतदार बहुसंख्य होते. १८७६ च्या मोजणीत तिथे रिपब्लिकन पक्षाच्या नावावर एक मत निघालं. एक हजार नव्हे, एकशे एक नव्हे, एक.

निवडणूक राष्ट्राध्यक्षपदाची होती आणि देशभर गाडं अडलं. डेमोक्रॅट टिल्डन यांना निर्वाचक मंडळाची १८४ मतं निर्विवाद मिळालेली, हवी होती १८५. रिपब्लिकन हेझ यांना १६५. वादात अडकलेली मतं २०, त्यातली ८ लुईझियानाची. लुईझियानाच्या निकाल मंडळानं दहशतीचं कारण देऊन हजारो मतं बाद केली. त्या मंडळावरही पक्षपाताचा आरोप झालाच. शेवटी १५ जणांचा आयोग नेमला गेला. त्यानं ८ विरुद्ध ७ मतांनी सगळं दान हेझ यांच्या पारड्यात टाकलं आणि मार्च १८७७ मध्ये हेझ १८५ विरुद्ध १८४ असे निवडून आल्याचं जाहीर झालं. पडद्याआड तडजोड झाली होती. एप्रिलमध्ये न्यू ऑर्लीन्समधल्या सरकारी इमारतीचा पहारा सोडून केंद्राचं सैन्य बराकीत परतलं. ज्यांच्या पाठीवरून हे सगळं सुरू झालं, त्यांचा कैवारी जिंकला खरा, पण त्यांना बुलडोझरांच्या हवाली करून.

मग माणसांनी काय करावं? जे जगभर माणसं करतात तेच. बोचकं बांधलं आणि निघाली. १८७९ मध्ये लुईझियाना आणि मिसिसिपीतून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं नदीच्या बोटी धरून कॅन्सस राज्याकडे गेली. लोक त्यांना 'एक्झोडस्टर' म्हणू लागले. बायबलमध्ये मूसा, म्हणजे आमच्याकडचे हजरत मूसा, आपल्या लोकांना मिसरमधून बाहेर काढतात, त्या निर्गमनावरून हे नाव पडलं. ही माणसं का निघाली, याची चौकशी करायला सिनेटनं समिती बसवली. १८८० मध्ये हेन्री ॲडम्स नावाचा लुईझियानातला माणूस तिच्यापुढे उभा राहिला. जन्म गुलामगिरीत, पुढे सैन्यात नोकरी. त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी गावोगाव फिरून कुणाला कुठे मारलं, कुणाला कुठे संपवलं, याच्या याद्या केल्या होत्या. त्या त्यानं समितीपुढे मांडल्या. हातात सत्ता नसलेल्या माणसाला एवढंच करता येतं, नोंद ठेवता येते. ॲडम्सनं ती ठेवली.

पुढे चाबकाचीही गरज उरली नाही. १८९८ मध्ये लुईझियानानं नवी राज्यघटना केली. मतदाराला लिहितावाचता आलं पाहिजे, नाहीतर मालमत्ता पाहिजे. आणि ज्याच्या बापाला किंवा आजोबाला १८६७ पूर्वी मताचा हक्क होता त्याला सूट. गुलामाच्या नातवाला अशी सूट कुठून मिळणार? १८९६ मध्ये त्या राज्यात नोंदलेले कृष्णवर्णीय मतदार होते १,३०,३३४. १९०४ मध्ये उरले १,३४२. रात्रीच्या घोडेस्वाराचं काम आता दिवसा, टेबलावर, शाईनं होऊ लागलं. मताधिकाराला पक्कं संरक्षण देणारा केंद्राचा कायदा यायला १९६५ साल उजाडलं.

इकडे शब्दाचा प्रवास चालूच होता. दमदाटी करणारा तो बुलडोझर, तसं दांडग्या पिस्तुलालाही लोक बुलडोझर म्हणू लागले. मग कारखान्यात लोखंडाचे जाड गज वाकवणारं एक दाबयंत्र आलं, त्यालाही तेच नाव मिळालं. जे समोरच्याला वाकवतं ते बुलडोझर. १९२३ मध्ये मॉरोव्हिल नावाच्या छोट्या गावात जेम्स कमिंग्ज हा तरुण शेतकरी आणि मॅक्लिओड हा आराखडे काढणारा, या दोघांनी ट्रॅक्टरपुढे लोखंडी पातं बसवलं. तेलाच्या नळांसाठी खणलेले चर बुजवायला त्यांना ते हवं होतं. १९२५ मध्ये पेटंट मिळालं, त्यात नाव साधंच होतं : ट्रॅक्टरला जोडायचं साधन. पुढच्या काही वर्षांत अशा पात्याला आणि मग अख्ख्या यंत्राला बुलडोझर हे नाव चिकटलं आणि १९३० पासून ते रूढ झालं.

आणि हे मॉरोव्हिल कुठे आहे? कॅन्ससमध्ये. बुलडोझरांना भिऊन माणसं ज्या राज्यात पळाली, त्याच राज्यात ४४ वर्षांनी हे पातं तयार झालं. यात त्या दोघा भल्या माणसांचा काही दोष नाही. पण नाव देणाऱ्यांना तोवर जुना अर्थ टोचत नव्हता, एवढं नक्की. माणूस विसरला गेला, मार खाणारा विसरला गेला, यंत्र राहिलं.

याच्या शेजारी दुसरा एक इंग्रजी शब्द ठेवून पाहा. बॉयकॉट. तोही त्याच सुमाराचा, १८८० चा, आयर्लंडमधला. कॅप्टन बॉयकॉट हा एका लॉर्डच्या जमिनीचा कारभारी. कुळांनी खंड कमी मागितला, त्यानं त्यांना जमिनीवरून हुसकावायला घेतलं. गावानं ठरवलं, याच्याशी बोलायचं नाही, याचं पीक काढायचं नाही, याला दुकानात माल द्यायचा नाही. शेवटी बाहेरून ५० मजूर आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणाला सुमारे हजार शिपाई. काही आठवड्यांत त्याचं आडनाव क्रियापद झालं. कारभाऱ्याला चार दिवस एकटं पाडलं, तर त्याचं नाव कोशात अमर झालं. लुईझियानात हजारोंच्या पाठी सोलल्या गेल्या, त्यातल्या एकाचंही नाव त्या शब्दात नाही. बॉयकॉट हे दुबळ्याचं हत्यार होतं, हेही खरं. पण तेच हत्यार जातपंचायती दुबळ्यांवर कसं उगारतात, हे आपण इथे पाहिलं आहे. त्यासाठी महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला.

आता आपल्या भाषेकडे येतो. माझी घरातली बोली दखनी आणि लिहिण्याची भाषा मराठी, त्यामुळे मला लोक कधीकधी थट्टेनं विचारतात, "काय हो, जबरदस्ती, जुलूम, सक्ती हे सगळे शब्द तुमच्याकडूनच आले ना?" मी म्हणतो, "आले की! पण दंडेली, दांडगाई, बलात्कार हे कुठून आले?" बलात्कार या शब्दाचा मूळ अर्थ बळानं केलेली कोणतीही गोष्ट एवढाच आहे. जुलमासाठी कुठल्याच भाषेला उसनवारीवर राहावं लागलेलं नाही. उलट या कामात दोन्हींकडची एकजूट मोठी. 'बळजबरी' घ्या. बळ संस्कृतातलं, जबरी अरबी-फारसीची. 'वेठबिगार' घ्या. संस्कृतातल्या 'विष्टि'ची झाली वेठ, बिगार फारसी. दोन्हींचा अर्थ एकच, फुकट राबवून घेणं. राबणाऱ्याला समजायला चूक होऊ नये म्हणून बहुधा दोन्ही भाषांत सांगितलं असावं!

'जबरदस्त' हा फारसी शब्द. जबर म्हणजे वरचा, दस्त म्हणजे हात. ज्याचा हात वर तो जबरदस्त. त्याच्या उलट जेर म्हणजे खाली. मराठीत आपण 'जेरीस आणलं' म्हणतो, ते हेच. लहानपणी मी मकतबात अलिफ-बे शिकलो, तेव्हा जबर आणि जेर या दोन बारीक तिरप्या रेघा होत्या. अक्षराच्या वर काढली की जबर, 'अ'चा उच्चार. खाली काढली की जेर, 'इ'चा उच्चार. रेघ तीच, लांबीही तीच. कुठे काढली, एवढाच फरक. सत्ता म्हणजे काय, हे मला पुढे पुस्तकं वाचूनही यापेक्षा सोपं कुणी सांगितलं नाही.

पण मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. आज 'जबरदस्त' हा शब्द आपण कधी वापरतो? गाणं आवडलं, की जबरदस्त. षटकार बसला, की जबरदस्त. वरचा हात पाहून आपल्या तोंडून दाद निघाली आणि ज्याच्यावर तो हात पडला तो विसरला गेला. बळाच्या शब्दांची ही खोड आहे. आधी ते भीती सांगतात, मग वस्तू होतात, मग शाबासकी होतात. बुलडोझरनं पहिल्या दोन पायऱ्या अमेरिकेत ओलांडल्या. तिसरी पायरी आपण बांधतो आहोत की काय, अशी शंका येते.

आपल्याकडे खरं तर या यंत्राला लोक जेसीबी म्हणतात. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज कारखानदाराच्या नावाची ही आद्याक्षरं. तांत्रिकदृष्ट्या बुलडोझर वेगळा आणि जेसीबी वेगळा. पण लोकांनी दोघांना एकाच कामाला जुंपलं आहे. आणि ते यंत्र वाईट नाही. नाल्यातला गाळ त्यानं उपसला, शेततळी खणली, पुरात अडकलेल्या माणसांना त्याच्या बकेटमध्ये बसवून बाहेर काढलं. पुढाऱ्यांच्या मिरवणुकीत त्याच बकेटमधून फुलं आणि गुलालही उधळला जातो. यंत्राला काय, जे भराल ते ओतेल.

मागे एकदा एसटीनं येताना शेजारी एक तरुण बसला होता. बोलता बोलता कळलं, बारा वर्षं जेसीबी चालवतो. मी कवी आहे म्हटल्यावर थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "चाचा, एक सांगू का? विहिरी खणल्या, बांध घातले, त्याचं कुणी नाव काढत नाही. एकदा एका वस्तीवर पाठवलं होतं. घरं रिकामी केलेली. साहेबांनी हात केला. मी लिव्हरला हात घातला, तर एका घराच्या मागं कोंबड्यांचं खुराडं. दार बंद. मी खाली उतरलो, खुराडं उघडलं, कोंबड्या सोडल्या आणि परत चढलो."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, पाडलं. हुकूम वरून येतो. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'वस्तीवर जेसीबी चालला'. चाचा, जेसीबी काय आपल्या मनानं चालतो व्हय?"

माझ्याकडे त्याला द्यायला उत्तर नव्हतं, पण त्याचा प्रश्न व्याकरणाचा होता आणि मी बी.ए.ला मराठी घेतलं होतं. 'चालला' आणि 'चालवला', 'फिरला' आणि 'फिरवला', यांत एका 'व'चा फरक आहे. त्या 'व'मध्ये माणूस असतो. 'व' काढून टाकला, की यंत्रच कर्ता होतं आणि माणसं सुटतात. सरकारी मराठीची तऱ्हा याहून वरची. 'अतिक्रमण हटवण्यात आले', 'बांधकाम जमीनदोस्त करण्यात आले', 'कारवाई करण्यात येत आहे'. सगळीकडे 'ण्यात येणं'. येतं कुठून, आणतं कोण, पत्ता नाही. लुईझियानात निदान बुलडोझर म्हटलं की त्याला तोंड होतं, घोडा होता, तोंडावर फडकं बांधलं तरी आवाज ओळखू यायचा. आज बुलडोझर म्हटलं की तोंडच नाही.

कुणी म्हणेल, मग बेकायदा बांधकामं पाडायचीच नाहीत का? पाडायला हवीत. एप्रिल २०१३ मध्ये मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. ती वेळेवर पाडली असती, तर ही माणसं आज असती. रस्ता सगळ्यांचा आहे, नाला सगळ्यांचा आहे. माझा मुद्दा पाडण्याबद्दल नाही. कोणी, कोणत्या कायद्यानं, कधी सांगून आणि कोणाचं ऐकून पाडलं, याबद्दल आहे. कायद्यानं पाडणं आणि धाक बसावा म्हणून पाडणं, दोन्हींत यंत्र एकच असतं. शब्दाचा जुना अर्थ दुसऱ्यात जिवंत होतो.

आपल्या देशात तो जिवंत झालेला आपण पाहिला आहे. लुईझियानातल्या त्या वर्षाला बरोबर शंभर वर्षं झाली, तेव्हा एप्रिल १९७६ मध्ये, आणीबाणीत, दिल्लीच्या तुर्कमान गेटपाशी घरांवर बुलडोझर फिरवले गेले. रहिवासी आडवे आले, गोळीबार झाला, माणसं मेली. वृत्तपत्रांवर सेन्सॉरचा पहारा होता, त्यामुळे देशाला धड कळलंही नाही. शाह आयोगापुढे हे सगळं पुढे आलं.

१९८१ च्या पावसाळ्यात मुंबईत पदपथावर राहणाऱ्यांच्या झोपड्या पाडून त्यांना शहराबाहेर घालवायचा निर्णय झाला. पत्रकार ओल्गा टेलिस आणि स्वतः पदपथावर राहणारी माणसं कोर्टात गेली. १० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. सरन्यायाधीश होते आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड. पदपथ राहण्यासाठी नाहीत, हे न्यायालयानं मान्य केलं. पण जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो आणि ज्याला काढायचं त्याचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे, हेही सांगितलं. पावसाळा सरेपर्यंत हात लावू नका, असंही बजावलं. कायद्याला पाऊस दिसला, ही मला त्या निकालातली फार मोठी गोष्ट वाटते.

अलीकडच्या काळात वेगळंच घडू लागलं. गुन्ह्याचा आरोप झाला, की खटला उभा राहण्याआधी आरोपीच्या घरापुढे यंत्र येऊन उभं राहू लागलं आणि लोक टाळ्या वाजवू लागले. आरोप एकावर, पण त्या छपराखाली म्हातारी आई, शाळेत जाणारी मुलगी, कधी आणखी कुणी भाडेकरू. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं यावर निकाल दिला. न्यायमूर्ती भूषण गवई, आपल्या अमरावतीचे, जे २०२५ मध्ये काही महिने सरन्यायाधीशही होते, आणि न्यायमूर्ती विश्वनाथन. न्यायालय म्हणालं, कोण दोषी हे शासनानं ठरवायचं नाही. आरोप झाला म्हणून घर पाडता येणार नाही. किमान १५ दिवसांची नोटीस द्या, ती घरावरही चिकटवा, म्हणणं ऐका, पाडताना चित्रीकरण करा. आणि नियम मोडला, तर नुकसानीची भरपाई अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी-तळी अशा सार्वजनिक जागेवरच्या बांधकामांना हे संरक्षण नाही, हेही त्यात स्पष्ट आहे. या निकालाची सुरुवात कवी प्रदीप यांच्या घराविषयीच्या ओळींनी होते, हे वाचून माझ्यातला कवी सुखावला. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटला तो खिसा. खिसा म्हटलं, की माणूस आला. त्या तरुणानं विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर होतं. न्यायालयानं वाक्यातला 'व' परत आणला.

अरबी कोशकार 'जुलूम' या शब्दाचा मूळ अर्थ फार साधा देतात : एखादी गोष्ट तिच्या जागेवर न ठेवता भलत्या ठिकाणी ठेवणं. म्हणजे जुलूम ओळखायला रक्तच दिसलं पाहिजे असं नाही. रस्त्यावर पडलेली भांडी, पावसात भिजणारी पुस्तकं, झाडाखाली लावलेली चूल, हेही जागेवर नसलेल्या गोष्टींचंच चित्र आहे. आणि 'जब्र' या शब्दाला, ज्याची आपण जबरी केली, अरबीत आणखी एक अर्थ आहे. मोडलेलं हाड ताणून जागेवर बसवणं. बीजगणिताला 'अल्-जब्र' हे नाव याच मुळातून मिळालं. त्याचंच पुढे अल्जिब्रा झालं. स्पेनमध्ये तर हाड बसवणाऱ्यालाच एके काळी 'अल्जेब्रिस्ता' म्हणत. हाडवैद्यही जोर लावतो. पण तो आधी हात फिरवून पाहतो, कुठे दुखतंय विचारतो आणि ज्याचं हाड आहे त्याच्यासमोर बसून ओढतो.

शाळेत व्याकरणाचे गुरुजी सांगायचे, वाक्यातला कर्ता सापडत नसेल, तर क्रियापदाला 'कोण' असा प्रश्न विचारा. उद्या सकाळी तुमच्या हातात वर्तमानपत्र येईल. त्यात कुठेतरी बुलडोझर फिरला असेल, कदाचित तुमच्याच गावात. बातमी वाचून टाळी वाजवण्याआधी किंवा हळहळण्याआधी त्या वाक्याला एवढंच विचारा : फिरवला कोणी? नोटीस कधी दिली? आत कोण राहत होतं? उत्तरं बातमीत नसली, तर एक पोस्टकार्ड लिहून संपादकांना विचारा. हेन्री ॲडम्सनं यापेक्षा कितीतरी कठीण काळात यादी लिहिली होती.